जहाजाची शिडी आणि ओळखीचा कागद

मुंबई बंदरातील इंदिरा गोदीत उभारलेल्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी सामावून घेण्याची क्षमता, प्रवासी नोंदणी आणि इमिग्रेशनसाठी ७२ खिडक्या, असा या वास्तूचा पसारा आहे. त्याच्या वर्षभर आधी, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मोहीम' जाहीर केली आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. कधीकाळी केवळ धनिकांचा मानला जाणारा हा प्रवास आता मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ पाहत आहे. २०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबईहून गोव्याकडे निघाली, २०२१ च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया'च्या सफरी सुरू झाल्या, आणि पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत काश्मीर-केरळच्या जोडीला जहाजेही दिसू लागली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या मध्य रेल्वेवरील तीन शहरांतूनही या सफरींना गिऱ्हाईक मिळते, यात नवल नाही. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, आईवडिलांची पंचाहत्तरी, व्यापारी मंडळींचा मेळावा अशी निमित्ते तेथेही असतातच.

मात्र तिकीट हाती आले म्हणजे जहाज गाठले, असे नाही. तिकीट आणि जहाज यांच्यामध्ये एक शिडी असते आणि त्या शिडीच्या पायथ्याशी ओळखपत्र मागितले जाते. वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटते. परंतु आधार कार्डावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि तिकिटावर तिसरे, अशी स्थिती असलेल्या कुटुंबांसाठी ती किरकोळ राहत नाही. निर्वासितांची छावणी म्हणून जन्मलेले उल्हासनगर आणि स्थलांतरितांच्या लोंढ्यांनी वाढलेली अंबरनाथ-बदलापूर या शहरांत अशी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. त्यामुळे क्रूझसाठी कोणता कागद लागतो, या साध्या प्रश्नाचा माग काढत गेल्यास तो बंदरावर थांबत नाही. तो थेट नगरपालिकेच्या जन्मनोंदीच्या वहीपर्यंत जाऊन पोहोचतो.

तीन प्रवास, तीन याद्या

सर्वप्रथम नियमांचा गुंता सोडवायला हवा. क्रूझ हा शब्द एक असला, तरी कागदपत्रांच्या दृष्टीने त्यात किमान तीन वेगळे प्रवास आहेत.

पहिला प्रवास देशांतर्गत. मुंबईहून गोवा किंवा कोची गाठणाऱ्या जहाजावर भारतीय नागरिकाला पासपोर्टची सक्ती सामान्यतः नसते. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहनचालक परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक छायाचित्रयुक्त सरकारी ओळखपत्र पुरते. येथे एक फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. रेल्वेच्या आरक्षित डब्यात आणि विमानतळावर पॅन कार्ड ओळखपत्र म्हणून चालते. क्रूझ कंपन्या मात्र ते साधारणपणे स्वीकारत नाहीत. पॅन कार्डावर पत्ता नसतो. रेल्वेप्रवासाच्या सवयीने केवळ पॅन कार्ड खिशात घालून निघालेल्या प्रवाशाची येथे फसगत होऊ शकते. लहान मुलांसाठी आधार किंवा जन्मदाखला लागतो. मूल आईवडिलांखेरीज अन्य नातेवाइकांसोबत असेल, तर पालकांचे संमतिपत्र मागितले जाऊ शकते.

दुसरा प्रवास देशातच, पण परवान्याचा. लक्षद्वीप हा भारताचाच भाग असला, तरी तेथे पाऊल ठेवण्यासाठी १९६७ च्या प्रवेश व निवास निर्बंध नियमांनुसार बाहेरच्या माणसाला परवाना घ्यावा लागतो. स्थानिक जमातींचे हितरक्षण हा त्यामागील हेतू आहे. जहाज कंपन्या आपल्या प्रवाशांसाठी हे परवाने सामुदायिक पद्धतीने मिळवतात. मात्र त्यासाठी प्रवाशांची माहिती आणि ओळखपत्रांच्या प्रती आगाऊ द्याव्या लागतात. आयत्या वेळी प्रवाशाचे नाव बदलले किंवा दिलेल्या प्रतीतील नाव मूळ कागदाशी जुळले नाही, तर अडचण निर्माण होते.

तिसरा प्रवास परदेशी बंदराचा. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार वैध पासपोर्टाखेरीज देशाबाहेर जाता येत नाही, मग वाहन विमान असो वा जहाज. त्यातही पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, असा बहुतेक कंपन्यांचा आग्रह असतो. परंतु खरी मेख व्हिसात असते. सिंगापूरहून सुटून मलेशिया किंवा थायलंडच्या बंदरांना भेट देऊन पुन्हा सिंगापूरला परतणारे जहाज घेतले, तर प्रवासी सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश करतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर परतीच्या वेळी पेच उभा राहतो. बार्सिलोनाहून निघून शेंगेन क्षेत्राबाहेरील बंदर गाठून परतणाऱ्या जहाजांनाही हाच न्याय लागू होतो. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी आणि सिंधी मुले आपल्या आईवडिलांना हौसेने अलास्काच्या सफरीवर नेतात. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजांना अशा सफरीत परदेशी बंदर घ्यावे लागते आणि ते बहुधा कॅनडाचे असते. साहजिकच हाती अमेरिकेचा व्हिसा असलेल्या भारतीय आईवडिलांना कॅनडाचा व्हिसाही काढावा लागतो. मुलाकडे ग्रीन कार्ड असेल, तर त्याला तो लागत नाही. एकाच कुटुंबातील, एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांना दोन वेगळे नियम लागू होतात, ते असे.

जहाजाला नाव कशासाठी हवे?

ओळखपत्राची मागणी म्हणजे केवळ नोकरशाहीचा जाच, असे मानणे योग्य होणार नाही. यामागे समुद्रातील दुर्घटनांचा दीर्घ इतिहास आहे आणि त्यातील एक पान मुंबईचेच आहे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. कोकणातील कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. त्या काळी तिकीट हीच प्रवाशाची ओळख असे. पुढे 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटींवरही वळकटी आणि तिकीट एवढ्या बळावर चाकरमानी गावी जात असत.

युरोपात २८ सप्टेंबर १९९४ रोजी 'एस्टोनिया' ही फेरीबोट बाल्टिक समुद्रात बुडाली आणि ८५२ जणांना जलसमाधी मिळाली. त्यानंतरच्या काळात प्रवासी जहाजांवरील नोंदींचे नियम कडक होत गेले. समुद्रातील जीवितरक्षणाच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रवासी जहाज सुटण्यापूर्वी त्यावरील सर्व माणसांची मोजदाद आणि शोध-बचावकार्यासाठी त्यांच्या नावांची नोंद आवश्यक ठरली. अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यानंतर जहाजे व बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता तयार झाली आणि १ जुलै २००४ पासून ती अमलात आली. धक्क्यावर कोण येतो आणि शिडी कोण चढतो, यावर नियंत्रण ठेवणे त्यामुळे बंधनकारक झाले.

मुंबईला तर याचे वेगळे महत्त्व आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली होती आणि २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर 'कुबेर' ही मच्छीमार नौका बळकावून समुद्रमार्गेच आले होते. त्यानंतर किनाऱ्यावरील मच्छीमारांनाही ओळखपत्रे देण्यात आली. रोज समुद्रात जाणाऱ्या कोळ्याला जो नियम लागू होतो, तो हौसेने एकदा जाणाऱ्या पर्यटकाला लागू होऊ नये, असे म्हणता येणार नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. बोटीवर क्षमतेपेक्षा अधिक माणसे असल्याचे समोर आले. बेपत्ता असलेल्यांचा शोध पुढे काही दिवस चालू राहिला. अशा प्रसंगी प्रवाशांची नेमकी यादी हाती असणे किती मोलाचे, हे निराळे सांगायला नको. मोठ्या क्रूझ जहाजावर ती यादी असते, छोट्या फेरीबोटीवर बहुधा नसते. म्हणजेच ओळखीची मागणी अतिरेकी आहे, असे नव्हे. उलट जेथे ती नाही तेथेच धोका अधिक आहे.

उल्हासनगर: जहाजाच्या तारखेवर ठरलेले नागरिकत्व

बंदर, जहाज आणि कागद या तीन शब्दांना उल्हासनगरात एक जुना आणि जडशीळ अर्थ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी संक्रमण छावणी उभारण्यात आली होती. तेथे दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना येथे आसरा मिळाला. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर तेथील हिंदूंचे निर्गमन वेगाने वाढले, आणि त्यातील फार मोठा ओघ कराची ते मुंबई असा जहाजांनीच आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. आजही तेथील पत्ता 'कॅम्प नंबर'ने सांगितला जातो.

या निर्वासितांच्या बाबतीत जहाज कोणत्या तारखेला आले, याला घटनात्मक महत्त्व प्राप्त झाले. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी भारत सरकारने जुलै १९४८ मध्ये परमिट पद्धत सुरू केली. पुढे राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ ही सीमारेषा आखली. ज्याचा स्वतःचा किंवा आईवडील अथवा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म अविभाजित हिंदुस्थानात झाला होता आणि जो त्या तारखेपूर्वी भारतात येऊन येथेच राहिला, तो आपोआप नागरिक ठरला. त्या तारखेला वा नंतर जो आला, त्याला किमान सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करून, सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागली आणि तीही राज्यघटना अमलात येण्यापूर्वी. दोन सख्ख्या भावांपैकी एक जूनच्या जहाजाने आणि दुसरा ऑगस्टच्या जहाजाने आला असेल, तर दोघांच्या नागरिकत्वाचा मार्ग कायद्याच्या दृष्टीने भिन्न होता. १५ ऑक्टोबर १९५२ पासून भारत आणि पाकिस्तान यांच्यात पासपोर्ट आणि व्हिसाची पद्धत सुरू झाली आणि उरलीसुरली वाट अरुंद झाली.

त्या पिढीच्या हाती जे कागद पडले ते निर्वासित नोंदणीचे, बराकीतील खोलीच्या वाटपाचे, मागे सोडलेल्या मालमत्तेच्या दाव्याचे आणि रेशनचे. जन्मदाखला सिंधमध्ये राहिला होता किंवा कधी काढलाच नव्हता. शाळेत घालताना वडिलांनी अंदाजाने सांगितलेली जन्मतारीख पुढे सर्व कागदांवर चढली. मूळ सिंधी नाव एका कारकुनाने मराठी उच्चाराप्रमाणे, दुसऱ्याने इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे आणि तिसऱ्याने हिंदी वळणाने लिहिले. या पिढीची मुले येथे जन्मली. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्या व्यक्तीला जन्मानेच नागरिकत्व मिळते, त्यामुळे त्यांच्या हक्काबाबत शंका नाही. परंतु हक्क असणे आणि तो एका रेषेत मांडता येणारे कागद असणे, या दोन गोष्टींत अंतर आहे. पासपोर्टचा अर्ज भरताना नेमके हे अंतर जाणवते.

लग्नानंतर बदललेले नाव

कागदांतील विसंगतीचा सर्वाधिक भार स्त्रियांवर पडतो. सिंधी समाजात विवाहाच्या वेळी वधूचे पहिले नाव बदलण्याची प्रथा आहे आणि ती मराठी घरांतही अपरिचित नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे, बँकेत दोन्हींचे मिश्रण, असा प्रकार घरोघरी आढळतो. पंचवीस वर्षे या विसंगतीने काही बिघडलेले नसते. मुलाने परदेशातून पाठवलेल्या क्रूझच्या तिकिटावर नाव कोणते घालायचे, हा प्रश्न आल्यावर मात्र ती एकदम उघडी पडते.

सरकारने या बाबतीत काही सवलती दिल्या आहेत, हे नमूद करायला हवे. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम सुटसुटीत करण्यात आले. विवाह प्रमाणपत्राची सक्ती गेली, आई किंवा वडील यांपैकी एकाच पालकाचे नाव पुरेसे ठरले आणि प्रतिज्ञापत्रे नोटरीकडून करून घेण्याऐवजी साध्या कागदावर स्वयंघोषणा स्वीकारली जाऊ लागली. विवाहानंतर पासपोर्टवरील नाव बदलण्याचे बंधन स्त्रियांवर नाही, हेही स्पष्ट झाले. तरीही, नाव बदललेच असेल, तर ते सर्वत्र एकसारखे बदलणे हिताचे ठरते. राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देणे हा त्याचा अधिकृत मार्ग आहे. आधार कार्डावरील नावात मात्र आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारखेत एकदाच दुरुस्ती करता येते. म्हणून घाईघाईने जवळच्या केंद्रावर जाऊन चुकीची दुरुस्ती करून घेणे पुढे महागात पडते.

नावाच्या रचनेचा प्रश्नही दुर्लक्षित राहतो. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही मराठी पद्धत. पासपोर्टमध्ये मात्र 'दिलेले नाव' आणि 'आडनाव' असे दोनच रकाने असतात. वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात जाते, तर तिकीट काढणारा एजंट ते अनेकदा गाळतो. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून केवळ एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचे धोरण स्वीकारले. दुबईहून सुटणाऱ्या क्रूझ लोकप्रिय आहेत आणि दुबईशी उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांचे संबंधही जुने आहेत, त्यामुळे हा नियम येथील कुटुंबांना थेट स्पर्श करतो. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही घालण्याचा निर्णय घेतला. आईला मिळालेले हे स्थान स्वागतार्हच आहे. परंतु चार शब्दांचे नाव दोन रकान्यांत बसवताना प्रत्येक कार्यालयाने एकच पद्धत वापरली नाही, तर पुढील पिढीच्या कागदांतही विसंगतीची भर पडेल.

पत्ता आहे, पुरावा नाही

ओळखपत्रासाठी नावाइतकाच पत्ता महत्त्वाचा. येथेही या तीन शहरांची परिस्थिती वेगळी आहे. उल्हासनगरात बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतील अनेक परवानगीविना. त्या नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला उल्हासनगरपुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये शहरात पाठोपाठ इमारतींचे स्लॅब कोसळून जीवितहानी झाली, त्यानंतर धोकादायक इमारती रिकाम्या करण्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. इमारत रिकामी झाली, की तेथील कुटुंब भाड्याच्या घरात जाते. कार्डावरील पत्ता मात्र पाडलेल्या इमारतीचाच राहतो.

अंबरनाथ आणि बदलापूरची कहाणी थोडी निराळी. ११ व्या शतकातील शिवमंदिर आणि आयुधनिर्माणी यांसाठी ओळखले जाणारे अंबरनाथ, तसेच मुंबईपासून ६८ किलोमीटरवरील बदलापूर, ही मुंबईत घर न परवडणाऱ्यांची शहरे बनली. २०११ च्या जनगणनेनुसार अंबरनाथची लोकसंख्या सुमारे अडीच लाख, तर बदलापूरची पावणेदोन लाख होती. पहिली काही वर्षे भाड्याच्या घरात, मग कर्जाने घेतलेल्या घरात, असा येथील बहुतेकांचा प्रवास असतो. आधार परळच्या चाळीचे, मतदार ओळखपत्र डोंबिवलीचे आणि वीजबिल बदलापूरचे, अशी कुटुंबे येथे सर्रास आढळतात. भाडेकरार नोंदणीकृत असेल, तर तो पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा ठरतो. पण मुद्रांक शुल्काचे पैसे वाचवण्यासाठी अनेकदा नोंदणी टाळली जाते.

त्यात पुराची भर. २६ जुलै २००५ च्या प्रलयात उल्हास आणि वालधुनी नद्यांनी या पट्ट्यात थैमान घातले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. घरात छातीभर पाणी शिरते तेव्हा कपाटातल्या फायली सर्वप्रथम जातात. अशा कुटुंबांसाठी 'डिजिलॉकर' ही सोय केवळ आधुनिकतेची खूण नसून आवश्यक तरतूद आहे. त्यातील दस्तऐवजांना कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. अर्थात जहाज कंपनी कोणती प्रत स्वीकारते, हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घेणे शहाणपणाचे.

ज्यांना शिडीच बंद आहे

नाव आणि पत्त्याचे घोळ सुटू शकतात. परंतु उल्हासनगरात असेही रहिवासी आहेत, ज्यांच्यासाठी प्रश्न कागदाच्या दुरुस्तीचा नसून कागदाच्या स्वरूपाचाच आहे. पाकिस्तानातील सिंध प्रांतातून अलीकडच्या दशकांत आलेल्या आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या हिंदू कुटुंबांची ही गोष्ट. २०१६ मध्ये केंद्राने त्यांना बँक खाते, पॅन, आधार आणि वाहनचालक परवाना मिळवण्याची मुभा दिली. तसेच ज्या राज्यात ते राहतात, त्या राज्यात मुक्तपणे फिरण्याचीही. त्याच वर्षी नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार ज्या जिल्हाधिकाऱ्यांना देण्यात आले, त्यांत ठाण्याचाही समावेश होता.

येथे ओळख, वास्तव्य आणि नागरिकत्व या तीन गोष्टींतील फरक ठळकपणे समोर येतो. आधार हे ओळखीचे साधन आहे, नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे २०१६ च्या आधार कायद्यातच म्हटले आहे. अशा कुटुंबातील व्यक्तीकडे आधार असू शकते आणि ते दाखवून ती कदाचित शिडीपर्यंत पोहोचेलही. परंतु मुंबईहून गोव्याला जाणारे जहाज राज्याची सीमा ओलांडते आणि तिची मुभा राज्यापुरतीच आहे. भारतीय पासपोर्ट नसल्याने परदेशी सफरीचा तर विचारच नको. एकाच घरातील, भारतात लग्न होऊन आलेली सून भारतीय, सासरा दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आणि नातू जन्माने की नोंदणीने नागरिक याचा निर्णय प्रलंबित, अशी स्थिती उद्‌भवू शकते. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत आईवडिलांपैकी एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसणे, ही अट आहे.

नागरिकत्व सुधारणा कायदा २०१९ मध्ये झाला, त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. मात्र त्याचा लाभ ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच आहे. पहलगाममधील २२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करण्यात आले, तेव्हा हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले गेले. परंतु तो खुलासा होईपर्यंतची धास्ती मोठी होती. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा एकत्रित कायदा लागू झाला आणि ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या शेजारी देशांतील अल्पसंख्याकांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट मिळाली. ही सूट कारवाईपासून आहे, ती नागरिकत्व देत नाही. कराचीहून जहाजाने आलेल्या पिढीला जी तारीख आडवी आली होती, तिच्या जागी नव्या तारखा आल्या आहेत, इतकेच.

उपाय बंदरावर नाही, गावात

या सर्वाचा अर्थ बंदरावरील तपासणी सैल करावी, असा मुळीच नाही. शिडीपाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला समोरच्या कुटुंबाचा सत्तर वर्षांचा इतिहास ठाऊक नसतो आणि तो जाणून घेणे हे त्याचे कामही नाही. त्याने कार्ड आणि यादी ताडून पाहावी, एवढेच अपेक्षित आहे. जो घोळ तेथे उघडकीस येतो, तो जन्माला आलेला असतो महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात, शाळेच्या रजिस्टरात, आधार केंद्राच्या खुर्चीत. म्हणून त्याची दुरुस्तीही तेथेच व्हायला हवी.

जन्मनोंदीत बाळाचे नाव मागाहून घालण्यास कायद्याने १५ वर्षांची मुदत दिली आहे. अनेक पालकांना ते ठाऊक नसते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच चालेल, असा नियम फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. म्हणजे आज जन्मनोंदीत झालेली स्पेलिंगची चूक त्या मुलाच्या मागे आयुष्यभर लागणार आहे. दुसरीकडे, उशिरा जन्मनोंदणीचे दाखले गैरमार्गाने दिले गेल्याच्या तक्रारींनंतर राज्य सरकारने २०२५ मध्ये ही कार्यपद्धती कडक केली. गैरप्रकार रोखणे आवश्यकच आहे. पण निर्वासित छावणीत जन्मलेल्या आणि कधीच नोंद न झालेल्या वृद्धाला त्याच चाळणीतून जावे लागते, याचे भान यंत्रणेने ठेवायला हवे. जुन्या निर्वासित नोंदी, बराक वाटपाच्या वह्या आणि सनदांचे दप्तर यांचे संगणकीकरण करून त्यांचे प्रमाणित उतारे सहज मिळू लागले, तर अशा कुटुंबांचा मोठा भार हलका होईल. तीन शहरांच्या स्थानिक संस्थांनी नाव आणि पत्ता दुरुस्तीची एकत्रित शिबिरे घेतली, तरी वर्षानुवर्षांचे घोळ एका फेरीत सुटू शकतात. आज त्यासाठी नागरिकाला एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात खेटे घालावे लागतात.

नागरिकांकडूनही थोडी दक्षता अपेक्षित आहे. तिकीट काढण्याआधी पासपोर्ट, आधार आणि मतदार ओळखपत्र एकाशेजारी एक ठेवून अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावे. आरक्षण नेहमी जे कार्ड शिडीवर दाखवायचे, त्यावरील नावानेच करावे. व्हिसा घेताना जहाज किती वेळा सीमा ओलांडते, ते मोजावे. मूळ कागद सोबत आणि प्रती घरी ठेवाव्यात. सामान्य पद्धतीने ३६ पानी पासपोर्टला दीड हजार रुपये शुल्क पडते, तातडीच्या पद्धतीने साडेतीन हजार. सफरीच्या खर्चापुढे ही रक्कम क्षुल्लक आहे. मात्र पासपोर्टची पोलिस पडताळणी, नावातील दुरुस्ती आणि राजपत्रातील जाहिरात यांना वेळ लागतो, आणि वेळापत्रकाने सुटणारे जहाज कोणासाठी थांबत नाही.

क्रूझ ही चैन आहे, ती हुकली तर कोणाचे आयुष्य अडत नाही. परंतु जो विस्कळीत कागद आज सहलीला अडवतो, तोच उद्या परदेशातील मुलाच्या आजारपणात तातडीने जाऊ पाहणाऱ्या आईला अडवतो, वारसाहक्काच्या दाव्यात आडवा येतो आणि मतदार यादीच्या फेरतपासणीत संशय निर्माण करतो. जहाजाच्या शिडीवर निदान सहलीवरच भागते. तेवढ्यात तो घोळ ध्यानात आला, तर ती इशाऱ्याची घंटा समजून घर आणि नगरपालिका या दोन्ही ठिकाणची दप्तरे वेळीच नीट लावून घेणे श्रेयस्कर.